ती रोहूची पिल्लं नाहीत, दांडवण आहे

वर एका भाऊंनी विचारलंय की पहिल्या मोठ्या पावसानंतर धानाच्या बांधीत (भातखाचरात) बोटाएवढे मासे येतात कुठून, आणि ती रोहूची पिल्लं असतील का. वर्णनावरून ती पिल्लं वाटत नाहीत. थोबाडापासून डोळ्यातून शेपटीपर्यंत सरळ काळी रेघ असेल, तर ती दांडवण, शास्त्रीय नाव रासबोरा डॅनिकोनियस. बोटाएवढी असली तरी पूर्ण वाढलेली मासोळी. तोंड किंचित वर वळलेलं, कारण खाणं पाण्याच्या वरच्या थरात: किडे, डासांच्या अळ्या.

आभाळातून वगैरे काही पडत नाही हो! भंडारा-गोंदियाकडे तलाव, बोडी (लहान तळी), पाट आणि बांध्या एकमेकांना जोडलेल्या असतात. सांडवा वाहू लागला की मासे उथळ, गवताळ पाण्यात शिरतात आणि तिथंच अंडी टाकतात. पुढे राखण वगैरे नाही. पाणी ओसरायच्या आत तलावात परतले ते वाचले, बाकीचे बगळ्यांचे. (तळून खाणारे आम्हीही आहोतच.)

तलावाच्या काठाला देशी पाणवनस्पती असल्या तर ही मासोळी टिकते. बेशरमच्या झुडपांनी काठ व्यापला की त्या देशी वनस्पती मागे हटतात. बांधीत कीटकनाशक फवारलं, तर त्या पाण्यातल्या पिल्लांचं काय होणार ते सांगायला नको.

पुढच्या वेळी काचेच्या बरणीत घालून बाजूनं फोटो काढा. पोटाखालच्या परांपर्यंत पोचणाऱ्या लांब मिशा दिसल्या तर ती दांडवण नाही, इसोमस नावाचा दुसरा छोटा मासा. त्यालाही काळी पट्टी असते, म्हणून गफलत होते.