ओल्ड सॅरम आणि भारतातला पैसा

इंग्लंडमध्ये पूर्वी ओसाड पडलेल्या गावांनाही संसदेत खासदार असत. त्यात किनाऱ्यावरच्या डनिच गावाचं उदाहरण भारी आहे. गाव समुद्राने गिळलं तरी खासदार दोनच्या दोन! पण तिथे निदान थोडी वस्ती उरली होती. ओल्ड सॅरमला तेवढीही नाही. सॉल्झबरीजवळची ही एक टेकडी. 1220च्या सुमारास कॅथेड्रल खाली नव्या गावात हललं आणि मागोमाग माणसंही गेली. तरी 1832 पर्यंत इथून दोन खासदार निवडून येत, आणि मँचेस्टरसारख्या शहराचा स्वतःचा एकही नव्हता.

मताचा हक्क ठराविक भूखंडांना चिकटलेला होता. निवडणूक आली की मालक ते भूखंड आपल्या माणसांच्या नावे करायचा. मग शेतात एका एल्मच्या झाडाखाली मतदान उरकायचं. (आपल्याकडचे सोसायट्यांचे बोगस सभासद आठवले.)

थॉमस पिट याने 1691 मध्ये हे सगळं विकत घेतलं. ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी झुगारून बंगालमध्ये परस्पर व्यापार करणारा हा गडी पुढे त्याच कंपनीचा मद्रासचा गव्हर्नर झाला. हिऱ्याच्या पैशातून मतदारसंघ घेतला असं सर्रास सांगतात, ते चूक. पिटचा तो प्रसिद्ध हिरा नंतरचा. 1717 मध्ये फ्रान्सच्या रीजंटला (लहान राजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्याला) विकला. नातू विल्यम 1735 मध्ये इथूनच संसदेत गेला आणि पुढे पंतप्रधान झाला.

पिटांनंतर जागा लॉर्ड कॅलेडनकडे गेली. त्याच्या बापाची माया कुठली? तीही भारतातलीच.