जुनी चार सिलिंडरची पिकअप घ्यावी, की भाड्याच्या टेम्पोवरच भागवावे?

ओशिवरा_कारखाना

ओशिवऱ्यात आमचा फर्निचरचा लहान कारखाना आहे. कपाटे, पलंग आणि स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या अंधेरीपासून विरारपर्यंत आणि ठाण्याकडे पोहोचवाव्या लागतात, आणि अधूनमधून नाशिक किंवा पुण्याचेही काम निघते. आजवर हे सारे भाड्याच्या टेम्पोवर चालले. पण सणासुदीच्या आधी, नेमकी गरज असते तेव्हाच, टेम्पो मिळत नाही आणि मिळाला तर भाडे वाढलेले असते. आता २०१८ सालची, एकाच मालकाची, बीएस-४ (जुन्या प्रदूषण मानकाची) बोलेरो पिकअप पाहण्यात आली आहे. मागणी साडेचार लाखांची आहे.

माझा कल ती घेण्याकडे आहे आणि त्याचे मुख्य कारण तिचे २५२३ सीसीचे, चार सिलिंडरचे डिझेल इंजिन हे आहे. टाटाचा छोटा हत्ती (एस) २००५ साली आला तो ७०२ सीसीच्या दोन सिलिंडरांवर, आणि अशोक लेलँडचा दोस्त तीन सिलिंडरांवर चालतो. अशा इंजिनावर रोज ताण देण्यापेक्षा जुने का होईना, पण मोठे इंजिन आरामात चालवलेले बरे, असे माझे मत आहे. ज्यांना ते पटत नसेल त्यांनी सकारण खोडून काढावे.

हिशेबनीस

आपला प्रश्नच मुळात चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. सिलिंडर किती, यावरून गाडी किती वजन ओढेल हे ठरत नाही. मारुती सुपर कॅरीचे पेट्रोल आणि सीएनजीवरचे इंजिन जेमतेम १.२ लिटरचे असून त्यालाही चारच सिलिंडर आहेत. पण १४७८ सीसीचा, तीन सिलिंडरांचा दोस्त सव्वा टन माल नेतो आणि सुपर कॅरी त्याच्या जवळपासही जात नाही. टाटा इंट्रा व्ही-३० मध्ये १४९६ सीसीत चार सिलिंडर बसवलेले आहेत. प्रवासी बोलेरोला तर २०१६ पासून तीन सिलिंडरांचे दीड लिटरचे इंजिनही मिळू लागले, आणि म्हणून काही खेड्यापाड्यांतले तिचे चाहते तिला सोडून गेले नाहीत.

आपला माल कोणता, ते आधी पाहा. तयार कपाट जागा खाते, वजन फारसे देत नाही. कपाटे आणि ट्रॉल्यांनी हौदा शिगोशीग भरला तरी वजन बहुधा अर्ध्या टनाच्या आसपासच राहील. एवढ्यासाठी पाच मीटरच्या आसपास लांबीची गाडी ओशिवऱ्याच्या गल्लीत रोज वळवायची, रात्री तिला जागा शोधायची, चालक कायमचा ठेवायचा आणि काम नसेल त्या दिवसाचाही विमा, कर आणि पगार भरायचा, हा व्यवहार मला पटत नाही. भाड्याचा टेम्पो महाग वाटतो, कारण त्याचा खर्च डोळ्यांसमोर मोजला जातो. स्वतःची गाडी उभी राहून जे खाते त्याची पावती कोणी देत नाही.

कसारा_घाट

हिशेबनीसांचे पहिले म्हणणे खरे आहे, पण त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष अर्धाच आहे. कपाट हलके असते, हे कबूल. प्लायवूडचे काय? आठ फूट बाय चार फूट, १८ मिलिमीटर जाडीचा एक पत्रा साधारण ३२ ते ३७ किलोंचा भरतो. असे पन्नास पत्रे घेतले की दीड टनाच्या वर गेलोच. शिवाय मूळ छोट्या हत्तीचा हौदा सात फुटांहून जेमतेम मोठा असल्याने आठ फुटांचा पत्रा फाळका उघडा ठेवूनच न्यावा लागतो, आणि वाहतूक पोलिसाने हात दाखवला की पुढचे बोलणे आपणच करायचे असते.

आता सिलिंडरांविषयी. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच धक्का देतो. म्हणजे एका रांगेतल्या चार सिलिंडरांत दर १८० अंशांवर एक धक्का येतो, तीन सिलिंडरांत २४० अंशांवर, आणि दोन असतील तर सरासरीने पूर्ण फेरीला एकच. याचा अनुभव महामार्गावर येत नाही. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढाला भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगत असते, तिथे तो येतो. कमी फेऱ्यांवर इंजिन गचके न देता ओढत राहिले, तर चालकाला क्लच अर्धा दाबून धरावा लागत नाही, आणि मुंबईच्या कोंडीत क्लचप्लेट बहुतेक वेळा याच सवयीने जळते. कसारा घाटात मोठ्या इंजिनाचा आणखी एक उपयोग होतो: उतरताना खालच्या गिअरमध्ये तेच गाडीला रोखून धरते आणि ब्रेकवरचा भार हलका होतो. ज्याला वर्षातून थोड्याच खेपा का होईना, पण घाट ओलांडायचा आहे, त्याने ही गाडी जरूर घ्यावी.

कुर्ला_मिस्त्री

दोन्ही बाजूंचे इंजिनाविषयीचे बोलणे नव्या इंजिनाला लागू पडते. सात-आठ वर्षे माल वाहिलेल्या गाडीत सिलिंडर चार आहेत, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. चारही सारखे काम करतात का, हे पाहायचे असते. त्यासाठी गाडी पाहायला सकाळी लवकर जा आणि आपण येईपर्यंत ती सुरू करू नये, असे मालकाला आधीच सांगून ठेवा. गरम इंजिन बरेच दोष झाकते. थंड असताना सेल्फ किती वेळ मारावा लागतो, सुरू झाल्यावर धूर कोणत्या रंगाचा येतो आणि तो किती वेळात थांबतो, हे पाहा. निळसर धूर टिकून राहिला तर ऑइल जळते आहे. काळा धूर बहुधा इंजेक्टर, टर्बो किंवा हवेच्या मार्गाकडे बोट दाखवतो. पांढरा धूर थंडीत थोडा वेळ आला तर चिंता नको. इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि पाणी कमी होत असले, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण उघडा. तिथून जोराने वाफारा येत असेल तर पिस्टन रिंगा झिजल्या आहेत आणि इंजिनकाम जवळ आले आहे. हे इंजिन कॉमन रेलचे, म्हणजे एकाच उच्च दाबाच्या नळीतून सर्व इंजेक्टरांना डिझेल पुरवणारे असल्याने चारही इंजेक्टरांची परतीच्या डिझेलची, म्हणजे न जळता टाकीकडे परतणाऱ्या डिझेलची, चाचणी करून घ्या. एकाची परती जास्त असली तरी तो खर्च किमतीतून कापून मागता येतो. चार सिलिंडर म्हणजे चार इंजेक्टर, हेही लक्षात असू द्या. दोष निघालाच तर या इंजिनाचे भाग आमच्याकडे सीएसटी रोडला सहज मिळतात आणि त्यावर हात बसलेला माणूस जवळपास प्रत्येक गॅरेजात आहे, ही मात्र मोठी जमेची बाजू आहे.

इंजिनाइतकाच वेळ गाडीखाली घालवा. मुंबईच्या खाऱ्या हवेत चासी हौद्याच्या खालच्या आडव्या पट्ट्यांपासून गंजायला लागते, आणि मालक तिथे ताजा काळा रंग फासून ठेवतो. मागचे स्प्रिंगचे पाटे सरळ झाले असतील किंवा त्यांत जादा पाटा घातलेला असेल, तर गाडीने कायम ओव्हरलोड वाहिला आहे, मग कागदावर काहीही असो. सीटखालच्या वायरिंगमध्ये वाळलेला गाळ दिसला तर ती कुठल्या तरी पावसात बुडालेली आहे. अशी गाडी फुकट दिली तरी नको.

पासिंग_आधी

येथे अजून कोणी मूळ अडचणीला हात घातलेला नाही. २०१८ ची गाडी आठ वर्षांच्या उंबरठ्यावर आहे, आणि मालवाहू गाडीच्या बाबतीत हाच आकडा महत्त्वाचा ठरतो. आठ वर्षांपर्यंत योग्यता प्रमाणपत्र दोन वर्षांचे मिळते, पुढे दरवर्षी घ्यावे लागते. आणि महाराष्ट्रात आठ वर्षांवरच्या परिवहन वाहनाला पर्यावरण कर लागतो. आजचा मालक नेमका याच वेळी गाडी का विकतो आहे, याचे उत्तर त्यात असू शकते. भरीला, मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये सात जणांची समिती नेमली ती मुंबई महानगर प्रदेशात केवळ सीएनजी आणि विजेवरची वाहने ठेवता येतील का, हे तपासण्यासाठी. तिच्यातून पुढे काहीही निष्पन्न होवो, बीएस-४ डिझेल मालवाहू गाडीत साडेचार लाख घालणाऱ्याने ती पाच वर्षांनी मुंबईत कोण विकत घेईल, हा प्रश्न आजच स्वतःला विचारावा.

कागद पाहताना आरसीवर एकूण वजन पाहा. ते ३,००० किलोंपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. त्यावर गेले की लागतो. कर्जाचा बोजा उतरला आहे का, ई-चलने थकली आहेत का आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, हेही तपासा. मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

ओशिवरा_कारखाना

सर्वांचे आभार. प्लायवूडविषयी खुलासा करतो: बहुतेक वेळा ते व्यापारीच कारखान्यावर पोहोचते करतो, त्यामुळे दीड टनाची खेप आम्हाला क्वचितच करावी लागते. चालकाचा प्रश्न मात्र तितकासा बिकट नाही, कारण आमच्याकडच्या दोघांकडे हलक्या वाहनाचा परवाना आहे आणि ७,५०० किलोंपर्यंतच्या मालवाहू गाडीला तो पुरतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही बीएस-६ डिझेल घेण्यापेक्षा बीएस-४ बरी, हे माझे मत कायम आहे. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेली गाडी लिंक रोडच्या कोंडीत रोज रांगली की फिल्टर काजळीने भरतो, आणि तो जाळून साफ व्हायला मोकळा रस्ता लागतो. तो आम्ही आणायचा कुठून?

हिशेबनीस

म्हणजे जड माल व्यापारी आणतो, घाट क्वचित लागतो आणि उरलेल्या खेपा हलक्या सामानाच्या आहेत. मग डीपीएफ टाळण्यासाठी बीएस-४ डिझेलकडे वळण्याचे कारणच काय? सीएनजीवरची लहान गाडी पाहा. डीपीएफचा प्रश्न तिथे नाहीच, आणि सुपर कॅरी घेतलीत तर चार सिलिंडरही मिळतील.

कसारा_घाट

सात फुटांचे कपाट सुपर कॅरीच्या हौद्यात आडवे ठेवून, त्यावर पलंगाच्या फळ्या रचून, फाळका लागतो का, ते मोजपट्टी घेऊन एकदा पाहा आणि मग बोलू. भाड्याच्या मोठ्या टेम्पोची गरज महिन्यातून अनेकदा पडणारच असेल, तर लहान गाडीही घ्यायची आणि भाडेही भरायचे, असा दुहेरी खर्च होईल.

पासिंग_आधी

लांबीच हवी असेल तर बोलेरोच घ्या, पण या किमतीला नको. योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण मालकाने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खर्चाने करून द्यावे, ही अट घाला. गाडी खरोखर निर्दोष असेल तर तो फार कुरकुर करणार नाही. आणि टाळाटाळ करू लागला, तर मिस्त्रींनी सांगितलेल्या तपासण्यांवर सकाळ घालवण्याचीही आवश्यकता उरणार नाही.