मदत हवी आहे : झोप आणि ताण यांचा सहसंबंध उलटा आलाय, निष्कर्ष काय लिहू?

निळाई
एम.ए. मानसशास्त्राचा लघुप्रबंध आहे. चौथं प्रकरण परवा द्यायचंय आणि तिथेच अडकलेय. परिकल्पना अशी : झोपेची गुणवत्ता जितकी चांगली तितका ताण कमी. म्हणजे ऋण सहसंबंध यायला हवा. आलाय +०.२२, पी ०.०५ च्या खाली. आता काय लिहू, चांगल्या झोपेने ताण वाढतो?
शिवाय 'स्वतंत्र चल : झोप' या ओळीवर मार्गदर्शकांनी लाल रेघ ओढून बाजूला नुसतं 'हाताळणी?' लिहिलंय. ते बाहेरगावी आहेत, फोन उचलत नाहीत. कृपया पुस्तकं सुचवू नका, वाचायला वेळ नाही.

काटेकोर
मापनी, म्हणजे मोजायच्या प्रश्नावल्या, कोणत्या वापरल्या? नमुना किती? माहिती एकदाच गोळा केली की ठरावीक काळाने पुन्हा? एवढं कळल्याशिवाय कोणी काही सांगितलं तर तो अंदाज असेल.

रानवारा
सहसंबंधाच्या भानगडीत पडूच नका. झोपेच्या गुणांची मध्यगा, म्हणजे बरोबर मधला गुण, काढा, वरचे एका गटात, खालचे दुसऱ्यात, आणि दोन गटांच्या सरासऱ्या ताडून बघणारी टी-चाचणी लावा. दोन सरासऱ्या, एक तक्ता. मी माझ्या प्रबंधात हेच केलं होतं, तोंडी परीक्षेत एकही प्रश्न आला नाही.

काटेकोर
प्रश्न आला नाही म्हणजे पद्धत बरोबर होती असं नाही. मध्यगा ७ असेल तर ७ आणि ८ गुणांची माणसं वेगळ्या गटांत जातात, आणि ८ व १८ वाली एका गटात. हाताशी असलेली माहिती आपणच का पुसून टाकायची?

निळाई
नमुना १२०. माहिती एकदाच, ऑनलाइन फॉर्मवरून. मापनी प्रमाणित आहेत, त्यात काही घोळ नाही. रानवारा, दोन गट केले तर झोपेला स्वतंत्र चल म्हणता येईल ना? तेवढं झालं तरी एक रेघ मिटेल.

ओंजळ
नाही म्हणता येणार ताई. मार्गदर्शकांनी 'हाताळणी?' लिहिलंय ते याचसाठी. कोणाला किती झोप मिळणार हे संशोधकाने ठरवलं, आणि कोण कोणत्या गटात जाईल हे यादृच्छिक पद्धतीने, चिठ्ठ्या टाकल्यासारखं, ठरलं, तरच तो प्रयोग. झोपेच्या प्रयोगशाळांत असं करतात : एका गटाला काही रात्री चारच तास झोपू देतात, दुसऱ्याला पुरेसं, आणि मग दोघांचं मोजमाप घेतात. तिथे झोप स्वतंत्र चल आणि मोजलेला ताण परतंत्र चल.
तुमच्याकडे माणसं आपापली झोप घेऊनच आली. वाईट झोपणाऱ्यांत जुनाट दुखणं असलेले, रात्रपाळीवाले, भरपूर कॉफी पिणारे जास्त असू शकतात, आणि यातली कोणतीही गोष्ट ताणही वाढवू शकते. गट पाडले तरी ही सरमिसळ तिथेच राहते. तुम्ही झोपेला 'भाकीतक चल' (ज्यावरून अंदाज बांधायचा) आणि ताणाला 'निकष चल' (ज्याचा अंदाज बांधायचा) म्हणा. अभिकल्पाच्या, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याच्या, जागी 'सहसंबंधात्मक' लिहा.

सांजसकाळ
यादृच्छिक हा शब्द निघालाच आहे तर सांगतो, दोन गोष्टींची गल्लत फार होते. यादृच्छिक नमुना निवड म्हणजे समष्टीतल्या, म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचंय त्या सगळ्यांतल्या, प्रत्येकाला नमुन्यात येण्याची ठरावीक संधी. त्यावर निष्कर्ष बाहेरच्यांना किती लागू होतील हे अवलंबून. यादृच्छिक गटवाटप म्हणजे आलेल्यांपैकी कोण कोणत्या गटात; त्यावर कार्यकारणाचा दावा उभा राहतो. एक असून दुसरं नसलेली संशोधनं कितीतरी आहेत.

निळाई
धन्यवाद, पण माझा मूळ प्रश्न चिन्हाचा आहे.

पायवाट
चिन्ह कसलंही असो, ०.२२ म्हणजे २२ टक्के संबंध. सार्थ, म्हणजे पी ०.०५ च्या खाली, आहे. तसंच लिहून टाका. पी ०.०५ खाली असल्यामुळे निष्कर्ष ९५ टक्के खरा आहे असंही लिहिता येईल.

काटेकोर
दोन्ही विधानं चूक, आणि ती प्रबंधात गेली तर पुढचे दहा जण उतरवून घेतील. सहसंबंध गुणांकाचा वर्ग घ्यायचा : ०.२२ चा वर्ग साधारण ०.०५, म्हणजे सामायिक विचरण (दोन्हींच्या गुणांतला सामाईक चढउतार) ५ टक्के. आणि पी म्हणजे, शून्य परिकल्पना (मुळात संबंधच नाही, ही) खरी असती तर एवढा किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता. परिकल्पना खरी असण्याची टक्केवारी त्यातून निघत नाही.

पायवाट
आमच्या वर्गात असंच शिकवलं होतं. शिवाय सगळी नियतकालिकं पी बघूनच तर छापतात.

सांजसकाळ
छापतात, आणि त्याचे परिणामही दिसलेत. २०१५ मध्ये मानसशास्त्रातल्या १०० छापील अभ्यासांच्या पुनरावृत्तीचा प्रकल्प प्रसिद्ध झाला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निकाल सार्थ होता, पुनरावृत्तीत फक्त ३६ टक्क्यांत. मला वाटतं, हे पहिल्याच वर्षी शिकवायला हवं.

ओंजळ
सांजसकाळ, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी नक्की येईन. निळाई, मापनींची नावं सांगा. 'प्रमाणित' हे नाव नव्हे. जास्त गुण म्हणजे चांगलं की वाईट, हे प्रत्येक मापनीत वेगळं असतं.

निळाई
झोपेसाठी पिट्सबर्गवाली, ताणासाठी पीएसएस, म्हणजे जाणवणारा ताण मोजणारी, दहा प्रश्नांची. दोन्ही सगळेच वापरतात म्हणून लिहिलं नव्हतं.

ओंजळ
मग चिन्ह उलटं नाहीच. पिट्सबर्ग निर्देशांकात सात घटक, प्रत्येकाला ० ते ३, एकूण ० ते २१. जितके जास्त गुण तितकी झोप वाईट. ५ च्या वर म्हणजे झोपेची प्रत खराब धरतात. पीएसएसमध्ये जास्त गुण म्हणजे जास्त ताण. तेव्हा धन सहसंबंधाचा अर्थ 'झोप जितकी वाईट तितका ताण जास्त'. तुमच्या परिकल्पनेच्याच बाजूचा निकाल आहे. प्रत्येक तक्त्याखाली गुणांची दिशा एका ओळीत लिहा.

काटेकोर
दिशा सुटली, पण ०.२२ मला फार लहान वाटतोय. पीएसएसचा क्रोनबॅक अल्फा, म्हणजे तिचे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा, किती आला?

निळाई
०.४१. मार्गदर्शकांनी त्यावर काही लिहिलं नाही, म्हणून चालत असेल असं धरलं.

काटेकोर
नाही चालत. साधारण ०.७० च्या पुढे अपेक्षित असतो. दहा प्रश्नांच्या पीएसएसमध्ये ४, ५, ७ आणि ८ हे प्रश्न सकारात्मक आहेत, गोष्टी मनासारख्या घडताहेत असं वाटलं का या धाटणीचे. त्यांचे गुण बेरजेआधी उलटवायचे असतात : ० चे ४, १ चे ३, २ तसाच, ३ चा १, ४ चे ०. ऑनलाइन फॉर्म हे आपोआप करत नाही. न उलटवता बेरीज केली तर ताण नसलेला माणूस या चार प्रश्नांवर भरभरून गुण मिळवतो आणि बेरीज सपाट होते. अविश्वसनीय मापनाने सहसंबंध खाली ओढला जातो.
पिट्सबर्गचा अल्फाही सात घटकांवर काढा, सुट्या प्रश्नांवर नको.

रानवारा
एवढ्या कटकटीपेक्षा ते चार प्रश्न वगळले तर? सहा प्रश्नांवर टी-चाचणी सहज होईल.

काटेकोर
वगळल्यावर ती पीएसएस राहत नाही. मूळ मापनीची वैधता मग कोणत्या तोंडाने सांगणार?

माळरान
माझं मत, स्वयंअहवालावर झोप मोजणंच चूक. मनगटावर हालचाल टिपणारं यंत्र बांधा, आठवडाभराची नोंद घ्या.

ओंजळ
माळरान, त्यांना परवा प्रकरण द्यायचंय.

निळाई
चार प्रश्न उलटवले. अल्फा ०.८१. सहसंबंध ०.४५. आता 'वाईट झोपेमुळे ताण वाढतो' असं लिहिलं तर चालेल ना? म्हणजे विसाएक टक्के विचरण झालं.

ओंजळ
विचरण बरोबर. 'मुळे' काढा. दोन्ही प्रश्नावल्या गेल्या महिन्याबद्दलच विचारतात आणि तुम्ही त्या एकाच बैठकीत भरून घेतल्या. आधी काय झालं, झोप बिघडली की ताण आला, हे या माहितीतून दिसूच शकत नाही. 'निकृष्ट झोप आणि जाणवणारा ताण यांत सार्थ धन सहसंबंध आढळला. शून्य परिकल्पना त्याज्य' एवढंच लिहा. कार्यकारणाची मर्यादा पाचव्या प्रकरणात घाला.

निळाई
लिहिलं. स्वतंत्र चलाची ओळही बदलली. सगळ्यांचे मनापासून आभार.

काटेकोर
प्रश्नावल्या मराठीत दिल्या होत्या का? भाषांतर कोणाचं, उलट भाषांतर (मराठीतून पुन्हा मूळ भाषेत) करून तपासलं होतं का? आणि पिट्सबर्ग वापरण्याची परवानगी? परिशिष्टात लागेल.

निळाई
परवानगीचा मेल आहे, जोडते. भाषांतराचं काटेकोर, तुम्हाला निरोप पाठवते, बघाल का?