मदत हवी आहे : काचबिंदूवर ‘पेशी तरुण करणारी’ कॅप्सूल?

नमस्कार मंडळी. बाबा ७१ वर्षांचे, काचबिंदू आहे. रोज रात्री न चुकता डोळ्यांत थेंब घालतात. आता त्या बाटलीशेजारी चार हजारांची कॅप्सूलची डबी आली आहे. ‘पेशींचं वय मागे नेते’ असं तिच्यावर सोनेरी अक्षरांत छापलंय. कुणीतरी व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली, झालं!

पेशी तरुण करण्याच्या या तंत्राबद्दल मी थोडं वाचलं. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये चार जनुकं वापरून उंदराच्या प्रौढ पेशी मूळपेशींसारख्या (ज्यांपासून शरीरातल्या इतर पेशी बनू शकतात) केल्या. २०२० मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी त्यातली तीनच घेऊन, कर्करोगाशी संबंध असलेलं सी-मिक वगळून, काचबिंदू झालेल्या उंदरांची गेलेली दृष्टी काही अंशी परत आणली. पण ती जनुकं विषाणूमार्फत थेट डोळ्यात सोडली होती. गोळीचा इथे संबंधच काय? बाबा म्हणतात, “तेच तंत्र आहे, तुला नाही कळायचं.”

इथे कुणी नेत्रतज्ज्ञ असतील तर सांगा: अशा कॅप्सूलचा थेंबांवर किंवा बीपीच्या गोळीवर परिणाम होऊ शकतो का? डबीवर घटकांची मात्राच दिलेली नाही. आणि त्यांना न दुखावता हे सांगू कसं? थेंब बंद करतील, हीच धास्ती आहे.