मदत हवी आहे : नवेगावबांधच्या सातबहिणी आणि कोलासूर

नमस्कार मंडळी. गोंदिया जिल्ह्यातल्या, विशेषतः अर्जुनी मोरगावकडच्या लोकांना एक विचारायचं आहे.

माझं आजोळ त्या बाजूचं. आजी सांगायची की नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळीने घातला, पण पाळ काही टिकेना; शेवटी सातबहिणी मदतीला आल्या तेव्हा काम पुरं झालं. म्हणून तलावाभोवतीच्या डोंगरांना सातबहिणी म्हणतात, आणि कोलू पाटलाचाच पुढे कोलासूर देव झाला. तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा, हे सगळीकडे वाचायला मिळतं. १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, तेही. पक्ष्यांवर तर पोत्याने माहिती आहे. मला हवी आहे ती गोष्ट मात्र कुठे नीट सापडत नाही. आजी आता नाही, आणि तेव्हा लिहून घ्यायचं सुचलं नाही, हा माझाच आळस.

सातही बहिणींची नावं कोणाला माहीत आहेत का? गावागावात वेगळी असतील तर ती वेगळीच सांगा, एकसारखी करू नका. कोलासूराला नवस कशाचा बोलतात, पावसाचा की मासळीचा? धिवर मंडळींच्या घरात ही गोष्ट वेगळी सांगतात का? झाडीबोलीतलं एखादं गाणं असेल तर जसंच्या तसं लिहा, अर्थ मी विचारून घेईन.

दिवाळीनंतर चार दिवस तिकडे येतोय. कोलासूराच्या ठाण्यापर्यंत म्हातारी माणसं चढू शकतात का? सोबत आई आहे, आणि तिचे गुडघे.