अनुभव धागा: लॉज, जादूघर आणि कम्युनियनची रांग

आमच्या लहानपणी फ्रीमेसनांच्या (गुप्त विधी पाळणारी एक बंधुसंघटना; सदस्य म्हणजे मेसन, शाखा म्हणजे लॉज) इमारतीला 'जादूघर' म्हणत. आत भुतं नाचवतात, असं ऐकून होतो. तुमच्यापैकी कुणाच्या घरात मेसन होते का? ख्रिस्ती घरांतले अनुभव जरूर लिहा. ऐकीव नको, स्वतःचं.

वसईकर: माझे काका मेसन होते. ऑफिसातल्या साहेबांनी लॉजमध्ये नेलं, तिथली शिस्त आणि दानधर्म त्यांना आवडला. पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीत, कुजबुज होतीच. पोपची बंदी पार 1738 पासूनची, आणि कॅथलिक चर्चच्या 1917 च्या धर्मसंहितेत तर मेसनांना थेट बहिष्कार. 1983 च्या नव्या संहितेत मेसनांचं नावच नव्हतं, म्हणून काका खूश. पण ती लागू व्हायच्या आदल्या दिवशी, 26 नोव्हेंबरला, रोमहून खुलासा आला: बंदी कायम, सदस्यत्व हे गंभीर पाप, कम्युनियन (मिस्सेत मिळणारा पवित्र भाकरीचा प्रसाद) घेता येणार नाही. फादरांनी घरी येऊन हे अगदी हळू आवाजात सांगितलं. काकांनी ना लॉज सोडलं, ना मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना. दर रविवारी शेवटच्या बाकावर बसायचे. कम्युनियनची रांग लागली की काकू उठायची, ते गुडघे बाजूला घेऊन तिला वाट द्यायचे.

ओळंबा: मी हिंदू, पंधरा वर्षं सदस्य आहे. भुतं अजून भेटली नाहीत, जेवण मात्र उशिरा मिळतं. गुण्या, कंपास, ओळंबा ही गवंड्याची हत्यारं; त्यांवरून नीट वागायचे धडे, बस. देव मानणं ही अट आहे, पण कुठला ते विचारत नाहीत. आमच्याकडे गीता, बायबल, कुराण शेजारी शेजारी असतात, ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर शपथ घ्यायची. मुंबईत 1843 मध्ये 'रायझिंग स्टार' लॉज निघालं तेच भारतीयांना प्रवेश मिळावा म्हणून. माणेकजी करसेटजी हे पारशी गृहस्थ त्यात पहिल्यांपैकी. मला जे आवडतं तेच माझ्या ख्रिस्ती मित्राला खुपतं. तो म्हणतो, "तुम्ही देवाला विश्वाचा शिल्पकार म्हणून मोकळे होता. मग येशूचं काय?" त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.

नगरची सून: आमच्या प्रार्थनेच्या ग्रुपवर 'मेसन सैतानाला पूजतात' असा व्हिडिओ फिरत होता. मी लिओ ताक्सिलची गोष्ट लिहिली. या फ्रेंच लेखकाने वर्षानुवर्षं मेसनांच्या सैतानपूजेच्या कहाण्या रचल्या, भाविकांनी त्या गिळल्या, आणि 19 एप्रिल 1897 ला पॅरिसच्या भर सभेत त्यानेच सांगितलं की सगळी थाप होती. ग्रुपवर शांतता. दुसऱ्या दिवशी तोच व्हिडिओ परत.

मडगावचा: आजोबा पोर्तुगीज अमदानीत सरकारी नोकर. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने 1935 मध्ये गुप्त संघटनांवर बंदी आणली, नोकरांकडून 'मी सदस्य नाही, होणार नाही' असं लिहून घेत. आजोबांचा तो कागद जुन्या ट्रंकेत सापडला. त्याच ट्रंकेत, तळाशी, घडी घातलेला, मेसन लॉजमध्ये बांधतात तसला पांढरा चामडी एप्रन होता. आजी म्हणाली, "स्वयंपाकाचा असेल."

वसईकर: @मडगावचा, आमच्या काकूनेही हेच सांगितलं होतं!