'ऑटिझमची टेस्ट पॉझिटिव्ह' : निदान म्हणायचं की चाळणी?

हापूसवेडा: भाचा २२ महिन्यांचा, अजून बोलत नाही. डॉक्टरांनी ताईकडून २० प्रश्नांचा कागद भरून घेतला आणि तिने घरच्या ग्रुपवर टाकलं, 'टेस्ट पॉझिटिव्ह आली'. आई तेव्हापासून धड जेवलेली नाही. त्या कागदाला मराठीत नेमकं काय म्हणायचं? निदान, मूल्यमापन, चाचणी?

खडूफळा: चाळणी हो, चाळणी! एमचॅट असणार तो, ऑटिझमची शंका चाळून बघायची पालकांसाठीची प्रश्नावली, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असते. एमपीएससीची चाळणी परीक्षा कशी, ती पास झालं म्हणजे नोकरी लागली का, तसंच हे. ३ ते ७ गुण आले तर अडलेले प्रश्न खोदून परत विचारतात, ८ किंवा जास्त आले तर थेट सविस्तर तपासणी. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ही कोविडची भाषा झाली, इथे ना रक्त काढत ना स्कॅन.

पोथीवाला: निदान शब्दाची गंमत बघा. आयुर्वेदात निदान म्हणजे रोगाचं कारण, आणि ऑटिझममध्ये कारण बहुतेकदा सापडतच नाही, वागणं बघून ठरवतात तरी आपण त्याला निदानच म्हणतो. चालायचंच, रुळलाय शब्द. मूल्यमापन मात्र नको वाटतं, प्रगतिपुस्तक आठवतं.

दोनमुलांचीआई: आम्ही पालक सरळ असेसमेंट म्हणतो. आमच्या वेळी मॅडमनी साबणाचे फुगे उडवले आणि मधेच मुद्दाम थांबल्या, का तर माझा मुलगा फुग्यांवरून नजर काढून त्यांच्याकडे बघतो का, 'अजून' असं काही सुचवतो का ते बघायला. मला तेव्हा वाटलं खेळतायत नुसत्या! नंतर दिव्यांग सर्टिफिकेटसाठी आयएसएए झाली, म्हणजे ऑटिझम मोजायची भारतीय मोजपट्टी, त्यात ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, ७० पासून पुढे ऑटिझम धरतात.

आणि त्या कागदावरचं 'बोट दाखवणे' नीट समजून घ्या, आपल्याकडे बोट दाखवणं म्हणजे दोष देणं, म्हणून सासूबाई म्हणाल्या छे, आमचा नाही हो असा. तिथे दोन वेगळे प्रश्न आहेत, बोटाने मागतो का आणि बोटाने 'ते बघ विमान' असं दाखवतो का. माझा पाणी हवं असलं की माझं मनगट धरून माठापाशी न्यायचा, हात तांब्यावर ठेवायचा, तोंडाकडे बघायचाच नाही. मागणं होतं, दाखवणं नव्हतं.

खडूफळा: +१. मागणं आणि दाखवणं, मराठीत किती सोपं होतं बघा. आणि कानाची तपासणी करून घ्या हो, ऐकूच कमी येत असेल तर तेही कळायला हवं.

हापूसवेडा: आभार मंडळी. ग्रुपवर दुरुस्ती टाकली, 'चाळणीत अडकलाय, असेसमेंट बुधवारी, आधी कान'. आई जेवली. काल तिने त्याला गॅलरीत नेऊन चांदोमामा दाखवला, तर हा तिच्या बांगड्यांकडेच बघत बसला. ताईने लिहून ठेवलंय, मॅडमना सांगायला.